एचडी टीव्ही घेतला, पण एचडी दिसायला महिना लागला

६ फेब्रुवारी २०२५ ला नागपूरच्या जामठा स्टेडियमवर भारत-इंग्लंड वनडे होती. आमचं घर हनुमान नगरात, पण बाबांना आता गर्दीत नेता येत नाही. ते दिवाणावर बसून आमच्या २१ इंची जुन्या डब्बा टीव्हीवर मॅच पाहत होते आणि दर ओव्हरला मला विचारत होते, "किती झाले रे?" शुभमन गिल ८७ वर बाद झाला तेव्हाही त्यांनी विचारलं, "शंभर झाले का त्याचे?" स्कोअर समोरच होता. त्यांना तो वाचता येत नव्हता.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण शुगरमुळे उजव्या डोळ्याचा पडदा खराब आहे. चष्म्याचा नंबर वाढवून काही होणार नाही, हे डॉक्टरांनी सांगितलेलं. त्या रात्री मी पट्टी घेऊन टीव्हीजवळ गेलो. जुना टीव्ही चौकोनी आणि मॅचचं चित्र आडवं, त्यामुळे वर-खाली काळ्या पट्ट्या यायच्या. मधलं चित्र जेमतेम नऊ इंच उंच भरलं, आणि त्याच्या तळाशी ती स्कोअरची बारीक पट्टी.

टीव्ही बदलायचं मी तेव्हाच ठरवलं, पण बाबा ऐकेनात. "चालू टीव्ही कायले बदलवतं? मॅच तर दिसून राहिली ना." खर्चाची धास्ती मलाही होतीच. म्हणून सहा-सात महिने मी नुसती चौकशी केली, आणि त्यातून जे कळलं ते दुकानात कुणीच सांगितलं नव्हतं.

टीव्हीचं चित्र ठिपक्यांच्या आडव्या ओळींनी बनतं. आपल्याकडच्या साध्या चित्रात अशा ५७६ ओळी असतात, फुल एचडीत १०८०. ठिपके मोजले तर फुल एचडीत पाचपट. पण ते पाचपट डोळ्याला दिसायला हवेत ना! चांगल्या नजरेच्या माणसालाही १०८० ओळींची बारकाई पूर्ण दिसते ती चित्राच्या उंचीच्या सव्वातीन पट अंतरापर्यंत. त्याच्या मागे सरकत गेलं की फायदा कमी होत जातो, आणि उंचीच्या सहापट अंतरावर साधं चित्र आणि एचडी यांतला ओळींचा फरक डोळ्याला जवळजवळ कळत नाही.

आमचा दिवाण टीव्हीपासून साडेनऊ फूट. ३२ इंची टीव्हीचं चित्र पावणेसोळा इंच उंच असतं, त्याची सहापट म्हणजे आठ फुटांच्या आतच. म्हणजे दिवाणावर बसून ३२ इंची एचडी पाहिला असता तर त्या एचडीचा फायदा शून्याच्या जवळ. शिवाय ३२ इंचीत 'एचडी रेडी' लिहिलेले बरेच टीव्ही १३६६ बाय ७६८ चे असतात, फुल एचडी नसतात. ४३ इंचीचं चित्र एकवीस इंच उंच. त्याच्यासमोर सहा फुटांवर बसलं तर पैसे वसूल. म्हणून दोन गोष्टी ठरल्या: ४३ इंची घ्यायचा, आणि बाबांची वेताची खुर्ची सहा फुटांवर आणायची. दुकानदार ५५ इंची फोर-के (फुल एचडीच्याही चौपट ठिपक्यांचा) घ्या म्हणून मागे लागला होता, पण आमच्या केबलवर फोर-के येतच नाही. मी नाही म्हटलं.

२२ सप्टेंबरला ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) पाहून ठेवलेला २५,६०० चा टीव्ही २३,६०० ला मिळाला. शनिवारी २७ तारखेला तो भिंतीवर लागला. दुसऱ्या दिवशी एशिया कपची फायनल, भारत-पाकिस्तान. मी मुद्दाम आदल्या दिवशीची डिलिव्हरी मागितली होती.

ती फायनल आठवली की अजून वाईट वाटतं. चित्र मोठं होतं, पण धुरकट. खेळाडूंचे चेहरे आडवे ताणलेले, चेंडू बॅटला लागला की एक पांढरी रेघ. फिटिंग करणाऱ्या मुलाने स्क्रीन भरावी म्हणून 'झूम' लावून ठेवलं होतं, त्यात खालची स्कोअरची पट्टी निम्मी कापली गेलेली. तिलक वर्माने नाबाद ६९ करून मॅच जिंकून दिली, शेजारी फटाके फुटले, आणि बाबा विचारत होते, "जिंकलो का?" इतके पैसे घालून मी त्यांना जुन्या टीव्हीपेक्षा वाईट काहीतरी दिलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुकानात विचारलं तर म्हणाले, टीव्हीत दोष नाही. आणि ते खरंच होतं. दुकानातल्या सगळ्या टीव्हींवर पेन ड्राइव्हमधलं खास चित्रीकरण लावलेलं असतं. तुमच्या घरी काय येणार ते त्यावरून कळत नाही. आमच्या घरी येत होतं ते जुन्या सेट टॉप बॉक्समधून. मार्च २०१३ अखेर नागपुरात डिजिटल केबल सक्तीची झाली, तेव्हा घेतलेला तो बॉक्स. लाल-पांढरी-पिवळी वायर. केबलवाल्या भाऊंनी येऊन पाहिलं आणि एका वाक्यात सांगितलं, "तुमचा बॉक्सच साधा आहे ना जी, त्याच्यातून एचडी कसं येईन?"

नवा बॉक्स १,४०० रुपये. "उद्या आणतो" म्हणाले, आणि ते उद्या दसरा उलटून दहा दिवसांनी उगवलं. मी चार फोन केले. बॉक्स लागला, एचडीएमआय वायर लागली, तरी चित्र तसंच! कारण आमच्या पॅकमध्ये एकही एचडी चॅनल नव्हता. स्पोर्ट्सचा, स्टार प्रवाहचा, झी मराठीचा एचडी चॅनल वेगळ्या क्रमांकावर असतो आणि त्याचे पैसेही वेगळे. पॅक ३१० वरून ४४५ वर गेला. वर्षाला १,६२० रुपये जास्त. टीव्ही घेताना हा खर्च मी धरलाच नव्हता, आणि टीव्ही असेपर्यंत तो दर महिन्याला द्यायचाय.

तरीही चित्रात काहीतरी कमी वाटत होतं. शेवटी एका रविवारी मी बॉक्सचा मेन्यू उघडून एकेक ओळ वाचत बसलो. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ५७६ निवडलेलं होतं. म्हणजे एचडी चॅनलचं चित्र बॉक्स स्वतःच साधं करून टीव्हीला देत होता. मी १०८० केलं, टीव्हीतलं झूम काढलं. एक क्षण स्क्रीन काळी झाली आणि मग चित्र आलं. बाबा खुर्चीत पुढे सरकले. "अबे," ते म्हणाले, "गवत दिसून राहिलं."

तुमच्याकडे एचडी बॉक्स असेल तर आजच हे सेटिंग बघा. हात जोडून सांगतो. आमच्या गल्लीतल्या दोन घरांत मी नंतर पाहिलं, दोन्हीकडे ५७६ च होतं, आणि दोघंही एचडीचे पैसे भरत होते.

धाकटी बहीण उमरेडला असते. तिच्याकडे डीडी फ्री डिश आहे, महिन्याला काही द्यावं लागत नाही, पण त्यावरचे बहुतेक चॅनल साधेच. तिने विचारलं, मीही घेऊ का? मी तिला खर्च करू नको म्हणालो. तिचा टीव्ही चालू आहे, घरात सगळ्यांची नजर चांगली आहे, बघतात ते जुने सिनेमे आणि बातम्या. तिथे २५ हजार घालून पदरात काही पडणार नाही. आमच्या घरी मात्र पैसे सार्थकी लागले असं मला मनापासून वाटतं.

२ नोव्हेंबरला महिला विश्वचषकाची फायनल होती. पावसामुळे खेळ उशिरा सुरू झाला. मी स्वयंपाकघरात पाणी भरत होतो, तेवढ्यात हॉलमधून बाबांचा आवाज आला, "शेफाली गेली. सत्त्याऐंशीवर." मी काही विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतः वाचलं होतं. मी बाहेर आलो तर ते स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, "गिलचेही इतकेच होते ना, जामठ्याले?" मध्यरात्री हरमनप्रीतने मागे पळत शेवटचा झेल घेतला, तेव्हा बाबा माझ्याआधी उठून उभे राहिले.

बातम्यांचे मराठी चॅनल आमच्याकडे अजून साधेच येतात. सात वाजले की बाबा खुर्चीवरून उठून मागे दिवाणावर जाऊन बसतात. तिथून त्या बातम्या बऱ्या दिसतात म्हणतात.