ओल्या उन्हातली वारी

अकोल्याच्या माणसाला उन्हाची भीती घालायला कोणी जात नाही. मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, तेव्हाही आम्ही डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून बाजार करून येतो. त्यामुळे मी ऑगस्टात जपानला जाऊन पायी यात्रा करणार म्हटल्यावर घरातले सगळे भाषेबद्दल बोलले, खाण्याबद्दल बोलले, खर्चाबद्दल तर फारच बोलले. उन्हाचा विषय एकट्या भाच्याने काढला. तो ओसाकात नोकरी करतो. फोनवर म्हणाला, "मावशी, इथे ३४च असतं. पण ते आपलं ३४ नाही."

ज्यांच्या घरी कूलर आहे त्यांना हे चटकन कळेल. मेमध्ये वाळ्यातून थंडगार झोत देणारा कूलर जूनचे दोन पाऊस झाले की नुसता ओला वारा फेकतो, कारण हवाच पाण्याने भरलेली असते आणि टाकीतलं पाणी वाफ होऊन जायला जागा उरत नाही. आपल्या अंगाचंही तेच. विदर्भात घाम आल्याआल्या उडून जातो आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातो. जपानच्या उन्हाळ्यात तो कपाळावरून ओघळतो, पाठीवर साचतो, मोजे भिजवतो, पण उडत नाही. घाम गाळूनही अंग गार होत नाही, पाणी आणि मीठ मात्र जातच राहतं.

आणि ३४ हा काही तिथला कळस नव्हे. मी जिथे चालणार होते त्या शिकोकू बेटावरच, कोची प्रांतातल्या शिमान्तो शहरात, १२ ऑगस्ट २०१३ला ४१ अंशांची नोंद झाली होती. जपानचा तेव्हाचा तो उच्चांक. पुढे तो मोडत गेला आणि ५ ऑगस्ट २०२५ला गुन्मा प्रांतातल्या इसेसाकीने ४१.८ गाठले.

शिकोकूची यात्रा म्हणजे कोबो दाइशी, म्हणजेच कूकाइ (७७४–८३५) या शिंगोन नावाच्या बौद्ध पंथाच्या संस्थापकाशी जोडलेली ८८ मंदिरं. पूर्ण फेरी सुमारे १,२०० किलोमीटरची. ती एका दमात करावी असं बंधन नाही. तुकड्या-तुकड्यांनी केलेलीही चालते. आम्ही ठरवला पहिला प्रांत, म्हणजे आजचा तोकुशिमा: २३ मंदिरं, दीडशे किलोमीटरच्या आसपास. शहाणे यात्रेकरू मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. भाच्याला सुट्टी मिळते ती ऑगस्टच्या मध्यात, ओबोन या पूर्वजांच्या सणाला. मला एकटीने जायचं नव्हतं, म्हणून ऑगस्ट. त्यात १२ ते १५ ऑगस्टला तोकुशिमा शहरात आवा ओदोरी हा नाचाचा मोठा उत्सव असतो आणि मुक्कामाला खोली मिळणं मुश्कील होतं. खोल्या आम्ही वसंतातच धरून ठेवल्या होत्या. उन्हाळ्यात जाणाऱ्याने पहिलं काम हेच करावं. खोलीला एसी आहे ना, हेही विचारून घ्यावं. यात्रेकरूंना फुकट झोपायला मिळणाऱ्या साध्या जागा वाटेत असतात, पण जिथे रात्रीही पारा २५च्या खाली उतरत नाही तिथे उघड्या पडवीत झोपून सकाळी चालणं माझ्या वयाला झेपणारं नव्हतं.

पायांना सराव होता. आषाढीची वारी नुकतीच झालेली. पण वारीत सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं, पाण्याचा टँकर मागेपुढे असतो, चहा पाजणारे हात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. इथे सगळं स्वतःच्या पाठीवर. म्हणून पिशवी सहा किलोंच्या आत ठेवायची असं भाच्याने बजावलं होतं, आणि मी ठेवली. दुसरा सराव हवेचा. दमट उकाड्याची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. त्यानंतर घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठही कमी होतं. ओसाकात उतरल्यावर आठवडाभर मी रोज संध्याकाळी, मग सकाळी, मग थोडं उन्हात अशी चालत राहिले. शेजारच्या एक आजी मला पाहून रोज "आत्सुइ, आत्सुइ" म्हणजे "उकडतंय, उकडतंय" म्हणत मान हलवायच्या. त्यांना वेडच वाटलं असणार.

सुती कपडे घ्यायचे नाहीत, हे पचवायला मला वेळ लागला. सुती सदरा इथे एकदा भिजला की दिवसभर ओलाच राहतो, आणि ओल्या कापडाने मांड्या नि काखा काचतात. पातळ, चटकन वाळणारे पूर्ण बाह्यांचे दोन सदरे, वर यात्रेकरूंचा पांढरा अंगरखा. काचण्यावर व्हॅसलीन. मोज्यांचे जास्तीचे जोड, कारण ओल्या मोज्यात तासाभरात फोड येतात. दुपारी जोडा बदलायचा, ओला पिशवीला बाहेर लटकवायचा. डोक्यावर लव्हाळ्याची ती पसरट टोपी, सुगेगासा. ती नुसती यात्रेच्या वेषासाठी आहे असं समजून काही जण साधी टोपी घालतात. सुगेगासा डोक्याला चिकटत नाही, आतल्या कड्यावर टेकलेली असते, त्यामुळे मधून वारा खेळतो आणि खांद्यांपर्यंत सावली पडते. इतकी चांगली टोपी मी आजवर घातली नव्हती. मानेभोवती तेनुगुई, म्हणजे पातळ सुती फडकं; सुती कापडाला एवढी एकच जागा. ते मुद्दाम ओलं ठेवायचं.

दुकानांत गळ्यात घालायच्या गार कड्या, छोटे पंखे, गार वाटणारे ओले रुमाल असं पुष्कळ काही मिळतं. गार रुमाल छान वाटतात, पण अंग आतून गार झालंय असा भास होतो, तो फसवा. माझ्या लेखी त्या साऱ्या खरेदीपेक्षा घड्याळ महत्त्वाचं. पालखीचा दिनक्रम डोळ्यांसमोर ठेवून मी आमचा दिवस आखला: पहाटे प्रस्थान, दुपारी लांब विसावा, उन्हं उतरल्यावर उरलेली मजल. शिकोकूत ऑगस्टात सव्वापाचच्या सुमारास उजाडतं, म्हणजे पाचला वाटेला लागता येतं. अडचण एकच. प्रत्येक मंदिरात वहीवर शाईने मंत्राक्षरं लिहून शिक्के मारून देतात, ते कार्यालय पूर्वी सातला उघडायचं. एप्रिल २०२४पासून आठला उघडतं आणि पाचला बंद होतं. म्हणजे चालायला सर्वांत चांगले तीन तास शिक्क्याच्या कामाचे नाहीत. त्यावर आम्ही असं केलं की मंदिराजवळ मुक्काम करायचा नाही, मंदिराच्या अलीकडे दहा-बारा किलोमीटरवर करायचा. पहाटे निघून आठला दारात.

पहिली दहा मंदिरं मात्र एकमेकांना खेटून आहेत. नारुतोतल्या ऱ्योझेन्जीपासून योशिनो नदीच्या खोऱ्यात भाताच्या शेतांमधून डांबरी रस्ता जातो. डोंगर नाही म्हणून लोक याला सोपं म्हणतात. उन्हाळ्यात हाच अवघड. सावलीचं झाड नाही, खालून डांबर भाजतं, बाजूच्या खाचरांतून वाफ येते आणि झाडं असतील तिथे सिकाडा हे किडे ओरडून कानठळ्या बसवतात. दहाव्या मंदिराच्या ३३३ पायऱ्या तर ऐन उन्हात चढूच नयेत. आम्ही सहाव्या मंदिराच्या, आनराकुजीच्या, धर्मशाळेत राहिलो. तिथे गरम पाण्याचा झरा आहे. दिवसभर उकडल्यावर गरम पाण्यात कोण बसेल असं वाटलं होतं, पण रात्री झोप लागली ती त्यामुळेच. फक्त आधी पोटभर पाणी प्यायचं.

पिण्याचं म्हणाल तर जपानमध्ये तहानेने कोणी मरू नये. शेताच्या बांधावरही पेयांचं यंत्र उभं असतं. त्यातलं पोकारी स्वेट हे खारट-गोड पाणी १९८० साली आलं. ते काढणाऱ्या ओत्सुकांचा धंदा १९२१ साली सुरू झाला तो याच नारुतोत, यात्रा जिथून सुरू होते तिथे. मला ते जरा गोडच वाटलं. मी इलेक्ट्रॉलची पाकिटं नेली होती, ती नळाच्या पाण्यात मिसळून घ्यायचे. नळाचं पाणी बेलाशक प्यावं. मंदिराच्या दारातल्या कुंडातलं मात्र हात धुण्यासाठी असतं. चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांत उन्हाळ्यात गोठवलेल्या बाटल्या मिळतात. एक गोठलेली, एक साधी अशी जोडी घ्यायची; गोठलेली आधी मानेला, मग पोटात. आणि सातूचा गार चहा, मुगिचा, कितीही प्यावा, त्यात कॅफीन नाही. सोबत मी आमसुलं नेली होती. भाचा उमेबोशी, म्हणजे खारवलेली आंबट फळं, चघळायचा. दोन दिवसांनी आम्ही अदलाबदल केली.

अकरावं ते बारावं, फुजिइदेरा ते शोसान्जी, ही सुमारे तेरा किलोमीटरची डोंगरवाट. यात्रेकरू गडगडतो ती जागा, असं तिचं नाव. इथे वरून सावली असते, पण वारा नसतो. देवदारासारख्या उंच झाडांखाली हवा तुंबलेली, दगड शेवाळलेले, आणि उन्हाळ्यात माणसं कमी म्हणून पहिल्या माणसाच्या तोंडावर कोळ्याची जाळी. काठी पुढे धरून चालायचं. ही काठी म्हणजे दाइशीच, दोघं मिळून चालतो आहोत अशी भावना; मुक्कामाला पोचल्यावर आधी तिचं टोक धुतात, मग आपले पाय. त्याच काठीने जाळी तोडताना मला अवघडायला झालं. भाचा म्हणाला, "मावशी, ते पुढे चालतायत म्हण." वाटेत ऱ्यूसुइआन नावाची जुनी विसाव्याची जागा आहे, तिथे झऱ्याचं पाणी मिळतं. दाइशींनी विलोच्या फांदीने ते काढलं अशी कथा. त्याच्या भरवशावर बाटल्या कमी घेऊन निघू नये; आम्ही प्रत्येकी तीन लिटर घेतलं होतं आणि संपवलं. डोंगरात यंत्रं नाहीत. दुपारनंतर गडगडाटी सर येते, म्हणून एकच्या आत वर पोचायचं ठरवलं होतं, तसं पोचलो.

खाली कामियामाच्या बाजूला उतरल्यावर एका मुक्कामाच्या संध्याकाळी पाचच्या सुमारास भाच्याचा फोन वाजला. उष्माघाताचा इशारा. तिकडे नुसतं तापमान पाहत नाहीत. दमटपणा, ऊन आणि हवेची उष्णता मिळून एक निर्देशांक काढतात, त्यात ओलाव्याचा वाटा सात दशांश. तो ३१च्या वर गेला की व्यायाम बंद करा म्हणतात, ३३ होण्याचा अंदाज असला की इशारा देतात: आदल्या संध्याकाळी पाचला आणि त्या दिवशी पहाटे पाचला. पहाटे गावातल्या भोंग्यावरूनही सूचना आली. भाचा म्हणाला, "आज बसने जाऊ." माझ्या मनात पायी वारीचा हट्ट होता. वारीत आजारी माणूस गाडीत बसतो तेव्हा त्याला कोणी हसत नाही, हे मीच दर वर्षी बायकांना समजावते. पण आपण आजारी नसताना बसायचं म्हणजे जड जातं. बसलो. बसच्या थांब्यावर एका काकूंनी टॉवेलात गुंडाळलेली गोठलेली चहाची बाटली हातात ठेवली. यात्रेकरूला असं काही देणं म्हणजे ओसेत्ताइ. ते नाकारायचं नसतं, बदल्यात आपल्या नावाची चिठ्ठी द्यायची. मी चिठ्ठीवर देवनागरीत नाव लिहिलं. त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवते अशी खूण केली.

त्या दिवशी इदोजीत, सतराव्या मंदिरात, बराच वेळ मिळाला. गढूळ पाण्याने त्रासलेल्या गावासाठी दाइशींनी एका रात्रीत खणली म्हणतात ती विहीर तिथे आहे. वाकून पाहायचं, चेहरा दिसला तर अरिष्ट टळतं म्हणतात. दोघांचे दिसले.

उन्हाचा त्रास ओळखायला शिकून जाणं हीसुद्धा तयारीच. डोकं ठणकणं, पोटऱ्यांत गोळे, मळमळ इथवर सावलीत बसून, मीठ-पाणी घेऊन, मान-काखा-जांघा गार करून भागतं. माणूस असंबद्ध बोलायला लागला, किंवा स्वतःच्या हाताने पाणी पिऊ शकत नसला, तर ११९ला फोन करायचा; त्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. आम्ही एकमेकांना दर तासाला काहीतरी विचारायचं ठरवलं होतं. तो मला पाढे विचारायचा, मी त्याला अभंगाचं पुढचं चरण. त्याची स्थिती तपासायला हे फारसं उपयोगी नव्हतं, कारण त्याला गार हवेतही पुढचं चरण येत नाही.

विसावं आणि एकविसावं, काकुरिन्जी आणि ताइऱ्यूजी, पुन्हा डोंगरात. ताइऱ्यूजीला रोपवे आहे. चढताना चाललो, उतरताना त्यात बसलो, कारण ढग दाटले होते. तेविसाव्या याकुओजीला पोचलो तेव्हा समुद्र दिसला. पायऱ्यांवर लोक अशुभ टळावं म्हणून प्रत्येक पायरीवर एक नाणं ठेवत चढतात. बायकांच्या ३३, पुरुषांच्या ४२. आम्हीही ठेवली. खालच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, पण ती रात्री, आणि आमची गाडी संध्याकाळची.

पुढे तोसा प्रांत, म्हणजे आजचा कोची. याकुओजीपासून मुरोतोच्या टोकावरच्या चोविसाव्या मंदिरापर्यंत ७५ किलोमीटर, बहुतेक वाट समुद्राकाठच्या महामार्गाने, डोक्यावर काही नाही. गाडीत भाच्याने पुढच्या ओबोनच्या तारखा काढल्या. मी म्हटलं, त्या ठेव बाजूला, साहेबांना सांगून नोव्हेंबरात रजा काढ. तो म्हणाला विचारतो. अजून विचारलेलं नाही.