चाळिसावी ओळ विक्रोळीला

आठवीत कार्यानुभवाच्या तासाला आम्हाला क्रोशाचा रुमाल करायचा होता. चौकोनी, वीतभर, पांढऱ्या दोऱ्याचा. मुलांना त्या तासाला मैदानाच्या कडेला वाफे खणायला पाठवायचे आणि आम्ही मुली बाकांवर बसून दोऱ्याशी झटापट करायचो. माझा रुमाल पहिल्या चार ओळी रुमालासारखा होता, मग तो निमुळता व्हायला लागला. मी काहीही कमी करत नव्हते, असं माझं ठाम मत होतं. तीन आठवड्यांनी बाईंच्या टेबलावर मी जे नेऊन ठेवलं त्याला तीनच कोपरे होते. बाईंनी ते खिडकीच्या उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "हा कुणाचा रुमाल गं? गणपतीच्या उंदराचा?"

त्यानंतर तीसेक वर्षं मी क्रोशाची सुई हातात धरली नाही. गेल्या पावसाळ्यात धरली ती ठरवून त्रिकोण करायला.

कारण अगदी साधं होतं, ऑफिसातलं एसी. माझी खुर्ची बरोबर त्याच्या झोताखाली आहे. मुंबईत कसली आलीये थंडी, असं पुण्याचे नातेवाईक विचारतात. त्यांनी मे महिन्यात आमच्या ऑफिसात येऊन बसावं. ओढणी गळ्याभोवती गुंडाळली तर दर दहा मिनिटांनी घसरून कीबोर्डवर येते. शाल घेतली की येणारा-जाणारा तब्येत विचारतो. मफलर घालून पाहिला, तर शेजारचा म्हणाला, "मॅडम, मॉर्निंग वॉकहून डायरेक्ट?" गळा तेवढा झाकेल, घसरणार नाही आणि माझ्या प्रकृतीची चर्चा होणार नाही, असं काहीतरी हवं होतं.

आमच्या डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात एक ताई रोज क्रोशा करतात. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत आणि तेवढ्यात भाच्या-पुतण्यांच्या मिळून सात दारांना तोरणं द्यायची आहेत. मी त्यांना माझं दुखणं सांगितलं. त्यांनी माझ्या गळ्याकडे शिंप्यासारखं पाहिलं आणि म्हणाल्या, "त्रिकोण कर. नवशिक्याला त्याच्याइतकं सोपं काही नाही." मी उंदराच्या रुमालाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या. "मग तुला तर सवयच आहे की."

लोकलमध्ये क्रोशाच का चालतो, हे चौथ्या सीटवर बसल्याशिवाय कळत नाही. तिघींच्या बाकावर चौथी बसते तेव्हा तिच्या वाट्याला अर्धी मांडी आणि एक कोपर येतो. दोन लांब सुयांचं विणकाम काढलं तर शेजारणीच्या बरगड्यांत सुई जाणार. क्रोशाला एकच बोटभर सुई, टोकाशी आकडा असलेली. क्रोशे या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी छोटा आकडा. आपण त्याचा क्रोशा करून टाकला आणि तो सुट्टीसुट्टीला आईकडे, मामीकडे, शाळेतल्या बाईंकडे राहायला गेला.

सुईवरच्या विणकामात सगळेच्या सगळे टाके सुईवर जिवंत असतात. गर्दीत सुई निसटली की पन्नास टाके एकदम वाऱ्यावर. क्रोशात कुठल्याही क्षणी एकच फास जिवंत असतो, बाकीचं सगळं मागे बंद होऊन गेलेलं. ठाणं आलं, उठायचं झालं, की तो एक फास मोठा ओढायचा, सुई काढून पर्समध्ये टाकायची. तोच एक फास पर्समधल्या किल्लीला अडकून ओढला गेला तर मात्र अडीच ओळी जातात. माझ्या गेल्या आहेत.

लोकर घ्यायला गेले तेव्हा ताईंनी बजावलं होतं की पहिल्या कामाला फिकट रंग घे, काळा किंवा गडद निळा मुळीच नको, टाके दिसत नाहीत. मी मोरपिशी घेतला, मध्यम. दुकानात जिला लोकर म्हणतात ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकच असते, मेंढीचा तिच्याशी काही संबंध नसतो. पण ती टोचत नाही आणि मशीनमध्ये धुता येते, म्हणून माझी तक्रार नाही. सोबत चार मिलिमीटरची सुई. शाळेतली सुई पोलादी आणि सुतासारखी बारीक होती. ही जाड सुई हातात धरल्यावर पहिल्यांदा वाटलं, हे जमेल.

आता कृती. सरकगाठ घालायची, चार साखळ्या करायच्या, म्हणजे फासातून चारदा दोरा ओढून काढायचा, आणि पहिल्या साखळीत सुई घालून त्यांचं कडं करायचं. पुढचं सगळं काम एकाच टाक्याचं, खांबाचं. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, सुई घरात, म्हणजे टाक्यांमधल्या मोकळ्या जागेत घालायची, पलीकडून दोरा ओढून आणायचा. आता सुईवर तीन फासे दिसतात. दोरा घेऊन दोन सोडवायचे, पुन्हा दोरा घेऊन दोन सोडवायचे, एक उरतो. झाला खांब. असे तीन खांब एका घरात घातले की झुपका होतो. पहिल्या ओळीत कड्यामध्ये एक झुपका, दोन साखळ्या, दुसरा झुपका. ओळीच्या दोन्ही कडांना एकेक साखळी आणि एकेक खांब. मधल्या त्या दोन साखळ्या म्हणजे त्रिकोणाचं टोक. दर ओळीला काम उलटं फिरवायचं, टोकाच्या घरात दोन झुपके घालायचे, मध्ये पुन्हा दोन साखळ्या, आणि बाकी प्रत्येक घरात एक झुपका. एवढंच. वाढ मधोमध आणि दोन्ही कडांना आपोआप होते.

ओळ सुरू करताना मात्र खांब उंच हवा म्हणून आधी साखळ्या घालाव्या लागतात. इथे ताईंनी माझा हात धरला. "या तीन साखळ्या म्हणजे एक खांब. दिसायला साखळी असली तरी मोजायला खांब. परत येताना याच्या डोक्यावर टाका घालायचा, विसरायचं नाही."

मी सुई खाली ठेवली. आठवीतला माझा हरवलेला खांब हाच! प्रत्येक ओळीच्या शेवटी तो साखळीच्या वेषात उभा असायचा आणि मी त्याला ओलांडून जायचे. उंदराचा रुमाल असा झाला होता. तीस वर्षांनी, मुंब्रा आणि कळव्याच्या मधे, उलगडा झाला. शाळेत हे कुणी सांगितलं नव्हतं, की सांगितलं तेव्हा मी खिडकीतून वाफ्यांकडे बघत होते, देव जाणे.

घरी गेल्यावर मी हुशारी करून इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहिले आणि रात्रभरात सगळं विसरले. अमेरिकन बाई ज्याला डबल क्रोशे म्हणते, त्यालाच इंग्रज बाई ट्रेबल म्हणते, आणि इंग्रज बाईचं डबल म्हणजे अमेरिकन बाईचं सिंगल. दोघी गोड आवाजात, तितक्याच ठामपणे सांगतात. आपल्याकडे साखळी, मुका खांब, खांब, असं म्हटलं की विषय संपतो. आखूड खांबाला मुका का म्हणायचं, हे ताईंनाही माहीत नव्हतं. "बोलत नसेल," म्हणाल्या आणि तोरणाकडे वळल्या.

त्रिकोणाची पहिली ओळ कोपर स्टेशन यायच्या आत झाली. मला वाटलं, हा तर आठवड्याचा खेळ. दहावी ओळ मुंब्र्यापर्यंत पुरली, विसावी ठाण्यापर्यंत. त्रिकोण हा मोठा लबाड आकार आहे. वरच्या मध्यावर सुरू होऊन तो बाहेर पसरत जातो, म्हणून दर ओळ आधीच्या ओळीपेक्षा दोन झुपक्यांनी लांब. पहिलीत दोन, दुसरीत चार, तिसरीत सहा, चाळिसावीत ऐंशी. सगळे मिळून १,६४०. ताईंनी मला चाळीस ओळी सांगितल्या होत्या. त्यात वरची कड साधारण तीन फूट होते आणि मधोमध दीड फूट उतरतं, गळ्याला पुरतं. विसावी ओळ झाल्यावर मी डब्यात पेढे वाटायच्या बेतात होते, अर्धं झालं म्हणून. तेव्हा समोर बसणारी बँकेतली पोरगी मोबाइलवर हिशोब करून म्हणाली, "काकू, तुमचं फक्त ४२० झालंय." म्हणजे जेमतेम पाव. अर्धं व्हायला अठ्ठाविसावी ओळ उजाडावी लागते, तिथेही ८१२ होतात, आठ कमीच. शेवटच्या बारा ओळींत उरलेलं अर्धं काम. पेढे राहिले.

पण याच लबाडीची दुसरी बाजू मला फार आवडली. आईच्या लोखंडी ट्रंकेत एक अर्धवट टेबलक्लॉथ आहे, बारीक पांढऱ्या दोऱ्याचा. चोवीस चक्रं जोडायची होती, चौदा झाली, मग माझा जन्म झाला. त्या चौदा चक्रांना आजतागायत काही काम मिळालेलं नाही. "अर्धा टेबलक्लॉथ घालणार कुठे? अर्ध्या टेबलावर?" असं आई विचारते, आणि त्यात थोडा माझ्यावर आरोपही असतो. त्रिकोणाचं तसं नाही. दहाव्या ओळीला थांबलात तर पर्सच्या पट्ट्याला बांधायचा रुमाल झाला. विसाव्या ओळीला थांबलात तर कड दीडेक फुटाची होते, दोन टोकांना साखळीचे बंद लावले की केसांवर बांधायला झाला. तिसाव्या ओळीला बारीक गळ्याच्या पोरीचा स्कार्फ. कुठेही दोरा कापा, वस्तू पूर्ण. नवशिक्याच्या हातात, जो कधी कंटाळेल याचा नेम नाही, अशीच वस्तू द्यावी.

मी कंटाळले नाही, माझी लोकर संपली. शंभर ग्रॅमची गुंडी तेहेतिसाव्या ओळीच्या मधे, नाहूर स्टेशनात संपली. संध्याकाळी त्याच दुकानातून त्याच कंपनीची, त्याच नंबरची मोरपिशी आणली, जोडली, दोन दिवस विणली. शनिवारी गॅलरीत उन्हात धरली तेव्हा दिसलं, नवा मोरपिशी जुन्यापेक्षा किंचित हिरवा. गुंडीवरच्या कागदी पट्टीवर रंगाच्या नंबराखाली आणखी एक नंबर असतो, तो रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीचा. एका घाण्यातला रंग दुसऱ्या घाण्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही, म्हणून पुरेशा गुंड्या एकदमच घ्याव्यात. हे मला आता माहीत आहे.

सोमवारी ताईंनी तो जोड बोटाने चाचपला. "हे चुकल्यासारखं दिसतंय कारण रंग जवळजवळ सारखा आहे. उसव इथपर्यंत. आणि पूर्ण वेगळा रंग घे."

"पण मग ते जोडलेलं दिसेल ना?"

"दिसू दे. लुगड्याला काठ जोडलेलाच दिसतो. कधी वाईट दिसलाय?"

मी उसवलं. क्रोशा उसवताना एक बारीक टर्र-टर्र आवाज येतो आणि दोन दिवसांची मेहनत सव्वा मिनिटात मांडीवर कुरळी होऊन पडते. तेहेतिसावी ओळ अर्धवट होती, तीही काढली. बत्तीस ओळी मोरपिशी आणि मग आठ ओळी डाळिंबी, खणाच्या चोळीला असतो तसा काठ. आता कुणी म्हणणार नाही की लोकर संपली होती. शेवटची ओळ डोंबिवलीला सुरू केली ती विक्रोळीला संपली.

धुऊन तो दोरीवर वाळत घालायचा नाही, ओल्या वजनाने कड लांबते. मी पलंगावर जुनी चादर पसरली, ओला त्रिकोण हाताने ताणून सरळ केला आणि कडेला टाचण्या टोचल्या. आमचे हे दुपारी झोपायला आले आणि न बोलता हॉलमध्ये गेले.

घालायचा कसा, यावर मात्र डब्यात दोन तट पडले. जुन्या मंडळींचं मत, टोक पाठीवर आणि दोन्ही पदर पुढे. मी तसा घातला आणि आरशात मला माझी आजी दिसली, काकड आरतीला निघालेली. बँकेतल्या पोरीने तो उलटा फिरवला. टोक पुढे छातीवर, दोन्ही पदर मानेमागे नेऊन एकमेकांवरून पुढे आणायचे आणि टोकाच्या खाली लपवायचे. गळा झाकला, पुढे डाळिंबी काठाचा त्रिकोण दिसतो, मागे काही लोंबत नाही. झोतासमोर हाच उपयोगाचा. साध्या एकरंगी कुर्त्यावर तो उठून दिसतो. फुलाफुलांच्या कुर्त्यावर दोघांचं भांडण होतं. साडीवर एका खांद्यावरून तिरका घेऊन ब्रोच लावतात म्हणे, मी अजून धीर केलेला नाही. आणि कुणी सांगत नाही ती गोष्ट: मंगळसूत्राच्या वाट्या क्रोशाच्या घरांत अडकतात. मंगळसूत्र आधी कुर्त्याच्या आत, मग स्कार्फ. झुमके घातले असतील तर त्या दिवशी थंडी सोसावी.

डाळिंबी दोरा थोडा उरला होता. एकेचाळिसाव्या ओळीला ब्याऐंशी झुपके लागले असते, तेवढा काही नव्हता. मग पदर गळ्यामागून पुढे आणून गाठ मारता यावी म्हणून टोकांना साखळीचे बंद केले. आधी उजवा केला, मन लावून, ऐसपैस. डाव्याला दोरा पुरला नाही. तो चार बोटं आखूड झाला.

दुसऱ्या दिवशी गाठ मारून लोकलमध्ये चढले. ताईंनी वरपासून खालपर्यंत पाहिलं, आखूड बंदावर त्यांची नजर थांबली. बोलल्या काही नाहीत. हात पुढे करून त्यांनी माझी गाठ जरा डावीकडे सरकवली, आणि तोरणाचा टाका पुन्हा सुईवर घेतला.