आपल्या हिश्श्यातलं

शनिवारची शाळा सकाळची असायची आणि शेवटच्या तासापुढे वेळापत्रकात नुसती रेघ. तो तास मराठीचे सर घ्यायचे. पहिली दहा मिनिटं सगळ्या वर्गानं खाली सतरंजीवर गप्प बसायचं. डोळे मिटा नाहीतर उघडे ठेवा, पण हलायचं नाही. सर माळकरी, दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जाणारे. तरी त्या तासाला त्यांनी कधी कुठल्या देवाचं नाव घ्यायला लावलं नाही. आमच्या वर्गात लिंगायत होते, मुसलमान होते, बौद्ध होते. "ज्याला ज्याचं नाव घ्यायचं त्यानं मनात घ्यावं. कुणाचंच नसेल घ्यायचं, तर श्वास मोजावा," एवढंच ते सांगायचे. माझी ती दहा मिनिटं बहुतेक वेळा गेटाबाहेरच्या गाड्यावरच्या भज्यांच्या वासात जायची. मागच्या ओळीतल्या पोरी पदरात तोंड खुपसून हसायच्या. सर रागावत नसत. पुन्हा पुढच्या शनिवारी तेच.

दहा मिनिटं झाली की गोष्ट. त्यातली तुकोबांची गोष्ट त्यांनी कितीतरी शनिवार पुरवली होती. 1630 च्या सुमाराचा दुष्काळ, बुडालेली महाजनकी, भुकेनं गेलेली पहिली बायको. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' ही ओळ म्हणताना सर खिडकीबाहेर बघायचे. ते स्वतः 1972 च्या दुष्काळातले. विद्यार्थी असताना दुष्काळी कामावर खडी फोडलेले, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी आणि सुकडीवर दिवस काढलेले. पुढे तुकोबा डोंगरावर जाऊन बसतात, मन ठिकाणावर येतं, मग खाली उतरून घरातली कर्जखतं बाहेर काढतात. निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला देतात आणि निम्मी इंद्रायणीत सोडतात. एका मुलानं विचारलं, "सर, सगळीच का नाही बुडवली?" सर म्हणाले, "भावाची खतं भावाची. त्याच्या लेकरांचं पोट त्याच्यावर. सोडायचं ते आपल्या हिश्श्यातलं. दुसऱ्याच्या हिश्श्यातलं सोडणारे गावोगाव सापडतात." आम्ही हसलो. गावात तेव्हा निवडणुकीचं वारं होतं, त्यामुळे आम्हाला ते भलत्याच अर्थानं पटलं.

मी दहावीत असताना 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा निजले आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भुई हलली. आमच्या घराची एक भिंत उभी चिरली, बाकी आम्ही वाचलो. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, राजेगाव, होळी अशी गावं राहिली नाहीत. त्या भागात आदल्या वर्षीपासूनच हादरे बसत होते. लोक काही दिवस अंगणात निजले, मग सवय झाली आणि परत घरात गेले. घरं म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर माळवद. गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा नवा थर टाकायचा. उन्हाळ्यात असं घर गारेगार असतं. तेच सगळं निजलेल्या माणसांवर आलं. सुमारे 10 हजार माणसं गेली. त्यात पाऊस लागला. सरणाला लाकूड पुरेना, तेव्हा पडलेल्या घरांच्याच तुळया वापराव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी गावातल्या मुलांना शाळेत बोलावलं. मोठी मुलं शिक्षकांबरोबर मलबा उपसायला गेली आणि मुलींनी भाकरी थापायच्या असं ठरलं. (हे कुणी ठरवलं, ते विचारण्याची तेव्हा पद्धत नव्हती.) पण सरांची अट विचित्र होती. घरच्या पिठातली जादा भाकर आणायची नाही, आपल्या ताटातली अर्धी आणायची. माझी आई भडकली. "उपाशी पोरगी कुणाची काय सेवा करणार?" सर संध्याकाळी घरी आले तेव्हा तिनं तोंडावर विचारलं. ते ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "बाई, अर्ध्या भाकरीनं कुणी मरत नाही, मी मिलोवर वाढलोय. जादा भाकर तुम्ही द्या की, वेगळी द्या. पण ती तुमची. पोरीनं तिची द्यावी." आईनं दोन्ही दिल्या. तिचं सरांशी पटलं असं मात्र नाही. "मास्तरचं डोकं जरा फिरलंय," हे तिचं मत शेवटपर्यंत कायम राहिलं.

सरांना काय म्हणायचं होतं ते मला आठवड्याभरानं तिथं गेल्यावर दिसलं. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडले होते. फाटकी लुगडी, बटणं नसलेले सदरे, एका ढिगात तर कुणाचा तरी लग्नातला कोट. देशभरातून प्रेमानंच आलं होतं ते, नाही कसं म्हणू? पण त्यातलं पुष्कळसं कपाट रिकामं करण्यासाठी निघालं होतं, हेही खरं.

पत्र्याच्या शेडसमोर एक म्हातारी बसली होती. सून आणि नातवंडं गेलेली. आमच्या आधी तिथं पोचलेला, बाहेरगावचा एक कार्यकर्ता तिला समजावत होता, "आजी, देवाची इच्छा." ती शांतपणे म्हणाली, "देवाची इच्छा तुझ्या घरी का न्हाई आली, बाबा?" तो उठून गेला. आम्हा मुलींना पळून जावंसं वाटलं. सर तिच्या शेजारी मातीत बसले. बराच वेळ एक शब्द नाही. मग विचारलं, "पाणी कुठनं आणतीस, माय?" टँकर लांब उभा राहायचा. आम्ही घागरी उचलल्या.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी मी आणि माझी मैत्रीण जात राहिलो. पाणी भरायचो, मदतीच्या ज्वारीतले खडे निवडायचो आणि म्हातारीपाशी बसायचो. ती बोलायची नाही. शनिवारची दहा मिनिटं कशासाठी होती ते मला तिथं कळलं. दुसऱ्याच्या दुःखाशेजारी न चुळबुळता बसणं फार अवघड असतं. काहीतरी बोलून टाकावं, धीर द्यावा, एखादी ओवी सुनवावी असं सारखं वाटतं, आणि ते बहुतेकदा आपल्याच जिवाची तगमग कमी व्हावी म्हणून असतं. सरांनी आम्हाला फक्त बसायला शिकवलं होतं. दिवाळी उलटून गेल्यावर केव्हातरी म्हातारी आपणहून नातवाबद्दल बोलली. तो गणपतीपुढे लेझीम खेळून आला होता आणि पाय दुखतात म्हणत होता, एवढंच.

त्या काळात हे सगळं पापामुळे घडलं असं सांगणारेही हिंडत होते. त्यांच्याबद्दल सर एकदाच बोलले : "अध्यात्म स्वतःला लावायचं असतं. दुसऱ्याला लावलं की त्याची शिवी होते."

शनिवारच्या तासानं सगळ्यांचंच भलं केलं, असा दावा मी करणार नाही. सहामाहीनंतर आमच्या वर्गात भूकंपाच्या गावातला एक मुलगा आला. आईवडील गेलेले. भारतीय जैन संघटनेनं जी 1200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, त्यांत त्याचा धाकटा भाऊ होता. हा चुलत्याकडे राहिला. डोळे मिटले की त्याला गुदमरायचं, आणि डोळे उघडे ठेवले तरी शांतता सोसायची नाही. पहिल्याच शनिवारी तो ओरडत बाहेर पळाला. पुढच्या शनिवारी सरांनी त्याच्या हातात बादली दिली आणि मैदानाकडेच्या कडुनिंबाच्या रोपांना पाणी घालायला सांगितलं. आम्ही आत गप्प बसलेलो असताना बाहेर बादलीचा आवाज यायचा. दहावीनंतर तो कुठे गेला ते कुणालाच नक्की सांगता येत नाही. हा लेख त्याच्या वाचनात आला तर त्यानं शाळेत जरूर यावं. झाडं मोठी झाली आहेत.

गावंही सगळी सावरली नाहीत. 52 गावं नव्या जागी वसली, सरळ रस्ते झाले, पण भरपाईचा पैसा दारूत गेलेली घरंही मी पाहिली. याच गावांतल्या काही बायका मात्र घरदुरुस्तीच्या कामात पुढे आल्या. सिमेंट, पट्टा, सांधा यांवर गवंड्याशी हुज्जत घालू लागल्या. 26 जानेवारी 2001 ला कच्छ हादरलं, तेव्हा लातूर-उस्मानाबादकडच्या अशा बायका तिकडे गेल्या. पुढे त्यांतल्या एकीशी माझी ओळख झाली. मी विचारलं, "तुम्हाला गुजराती येत नव्हतं, मग तिथं काय केलंत?" ती म्हणाली, "आमी शिकवाया गेलो न्हाई. आमचं बी असंच झालतं आन् आमी जित्या हाव, एवढं दावाया गेलतो." ही बाई कधी कुठल्या अध्यात्माच्या शिबिरात बसलेली नव्हती.

मी परिचारिका झाले. 2021 च्या एप्रिलमध्ये आमच्या वॉर्डात खाटांच्या मध्ये चालायला जागा नव्हती. पीपीई किटमध्ये घाम निथळायचा आणि दाराबाहेरच्या नातेवाइकांना सांगायला नवीन काही नसायचं. पाळीला जाण्याआधी मी जिन्याच्या पायरीवर थोडा वेळ नुसती बसायचे. जेवणाच्या सुट्टीतला निम्मा वेळ रुग्णांना घरच्यांचे चेहरे फोनवर दाखवण्यात घालवायचे. ती सुट्टी माझी होती, म्हणून ती देता आली. बरोबरची नवी मुलगी विचारायची, "ताई, तुम्हाला भीती नाही वाटत?" वाटायची की. भरपूर वाटायची. पण भीती वाटत असतानाही बसता येतं, याची सवय होती.

स्मरणिकेसाठी लिहितेय हे सांगायला मागच्या महिन्यात सरांकडे गेले होते. आता कमी ऐकू येतं, माळ गळ्यात आहेच. "माझं नाव घालू नकोस," म्हणाले, म्हणून घातलेलं नाही. मग त्यांनी विचारलं, "शनिवारचा तास आहे का अजून?" मी शाळेत चौकशी केली. नाही. त्या वेळी आता स्कॉलरशिपचा जादा तास असतो. स्कॉलरशिप महत्त्वाची आहे, माझीही मुलं त्या परीक्षेला बसली आहेत. तरीही सुवर्णमहोत्सवी वर्षात माजी विद्यार्थ्यांकडून देणगीबरोबर सूचनाही मागवल्या आहेत, तर माझी एक नोंदवून घ्यावी : तो तास परत सुरू करा. सतरंज्या आमची बॅच देईल, त्याचं बोलणं झालंय. गप्प बसवायला कुणी मिळत नसेल, तर महिन्यातला एक शनिवार मी रजा टाकून येते. भज्यांचा गाडा अजून गेटाशीच आहे, तेवढा त्या वेळेपुरता लांब उभा राहिला तर बरं.