आधी अँटेना, मग कॅमेरा

ड्रोनसाठी आधी अँटेना बघावा की कॅमेरा, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. आपल्या सोलापुरात एफपीव्ही ड्रोन, म्हणजे ड्रोनवरच्या कॅमेऱ्याचं चित्र गॉगलमध्ये थेट बघत उडवायचे ड्रोन, जुळवायला घेतलेली मुलं मला हमखास विचारतात, "दादा, कॅमेरा कोणता घेऊ?" माझं उत्तर दरवेळी अँटेनापासून सुरू होतं. गॉगल चढवल्यावर चित्र जरा धुरकट दिसलं तरी ड्रोन परत आणता येतो. चित्रच तुटलं तर भारीतला कॅमेराही हतबल.

ड्रोनवरून गॉगलकडे येणारा ॲनालॉग व्हिडिओ बहुतेक ५.८ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीवर जातो. ही लहर जेमतेम ५ सेंटिमीटरची, आणि पत्र्यावरून ती उसळून येते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेडजवळ उडवलात की सरळ आलेली लहर आणि पत्र्यावरून आलेली लहर एकमेकींना मारतात, चित्र फाटतं. म्हणून वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा अँटेना घ्या. त्याची लहर फिरत जाते आणि परावर्तन झालं की फिरण्याची दिशा उलटते, त्यामुळे रिसीव्हर ती उसळलेली लहर बरीचशी नाकारतो. मात्र ड्रोनवर आणि गॉगलवर दोन्हीकडे एकाच हाताचा हवा, दोन्ही उजवे किंवा दोन्ही डावे. उजव्या आट्याचा नट डाव्या आट्याच्या बोल्टवर बसत नाही, तसंच हे. एकीकडे साधा सरळ दांडीचा अँटेना ठेवलात तर निम्मी ताकद तिथेच जाते.

गॉगलला दोन रिसीव्हर असतील तर एकाला सगळ्या बाजूंनी ऐकणारा लावा, दुसऱ्याला पॅच, म्हणजे चपटा, एकाच दिशेला ऐकणारा. पॅच समोरच्या दिशेला लांबचं पकडतो, पण तोंड ड्रोनकडेच ठेवावं लागतं. ज्वारी उंच झाली की तिच्या पाण्याने भरलेल्या पानांआड सिग्नल पटकन विरतो, तेव्हा कणसांच्या खाली उतरू नका.

ड्रोनवरच्या व्हिडिओ ट्रान्समीटरची ताकद वाढवण्याचा मोह आवरा. अंतर दुप्पट हवं तर ताकद चौपट लागते, म्हणजे २५ मिलिवॉटचे १००. मे महिन्यात आपल्याकडे जमिनीवर उभा असलेला ट्रान्समीटर वाऱ्याविना आधीच तापतो. चांगला अँटेना तेच अंतर उष्णता न वाढवता देतो.

आता कॅमेरा. रिझोल्यूशनच्या आकड्यांपेक्षा मी उशीर आणि उजेड बघतो. ताशी ७२ किलोमीटरने जाणारा ड्रोन सेकंदाला २० मीटर कापतो. चित्र ०.१ सेकंद उशिरा आलं तर समोरची बाभूळ तुम्हाला दिसते त्यापेक्षा २ मीटर जवळ आलेली असते. आणि आपलं ऊन! शेडच्या सावलीतून बाहेर आलात की साधा कॅमेरा पडदा पांढरा करतो. उजेड-अंधार एकाच चौकटीत सांभाळणारा, म्हणजेच डब्ल्यूडीआर चांगला असलेलाच घ्या. लेन्स फार रुंद कोनाची घेतलीत तर वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटतात, म्हणून शिकताना मध्यम कोन बरा. हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली उडवणार असाल तर कॅमेरा ‘पाल’ (PAL) या व्हिडिओ पद्धतीवर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पट्टे कमी दिसतात.

विमानतळ होटगी रोडला आहे आणि शहर त्याला लागूनच, तेव्हा डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा बघूनच जागा ठरवा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे तर ड्रोन नेऊच नका, त्या पक्ष्यांची संख्या आधीच फार थोडी आहे. गॉगल लावलेल्या माणसाला आजूबाजूचं दिसत नाही, म्हणून मोकळ्या डोळ्यांनी ड्रोनवर नजर ठेवणारा सोबती शेजारी हवाच.

मागवण्याआधी जोड तपासा. एसएमए आणि आरपी-एसएमए हे अँटेना फिरवून बसवायच्या जोडांचे दोन प्रकार. ते एकमेकांवर फिरवून घट्ट बसू शकतात, पण मधली पिन भोकात बसत नाही. अशा अँटेनाने ट्रान्समीटर चालू केलात तर तो जळू शकतो. आट्याकडे बघून फसू नका, दोन्ही तोंडं उजेडात धरा आणि एकीकडे पिन, दुसरीकडे भोक आहे ना ते बघा.