दावीदाने खळे नेमके कितीला घेतले?

दावीद राजाच्या शिरगणतीची हकिकत बायबलात दोनदा येते: शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात (२ शमुवेल २४) आणि इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात (१ इतिहास २१). दावीद लोकांची मोजणी करतो, शिक्षा म्हणून मरी येते आणि ती थांबावी म्हणून वेदी बांधायला तो एक खळे विकत घेतो. दोन्ही अध्याय शेजारी शेजारी उघडून वचनाला वचन लावून पाहा. सुरुवात शेवटापासून केलेली बरी, कारण तिथे सौदा आहे.

शमुवेलात दावीद अरवना नावाच्या यबूशी (यरुशलेमच्या मूळ रहिवाशांपैकी) माणसाचे खळे आणि बैल ५० शेकेल रुप्याला घेतो (वचन २४). इतिहासात हाच माणूस अर्णान होतो आणि त्याच्या हातात पडतात ६०० शेकेल सोने (वचन २५). शेकेल साधारण ११.४ ग्रॅमचा धरला, तर एकीकडे ५७० ग्रॅम चांदी, दुसरीकडे पावणेसात किलोंच्या वर सोने. एवढा फरक काही घासाघिशीत पडत नाही.

नेहमीचे उत्तर असे: ५० शेकेल खळ्या-बैलांचे, ६०० सबंध जागेचे, जिथे पुढे मंदिर उभे राहिले (२ इतिहास ३:१). त्याला शब्दांचा आधार आहे. शमुवेलात हिब्रू शब्द ‘गोरेन’ म्हणजे खळे, इतिहासात ‘माकोम’ म्हणजे जागा. पण तीनच वचने वर, २२ व्या वचनात, दावीद मागतो ती ‘खळ्याची जागा’. तिथे हे उत्तर लंगडते. यहुदी परंपरेतला एक तोडगा म्हणजे १२ वंशांकडून प्रत्येकी ५० शेकेल. गुणाकार चोख, फक्त दोन्ही अध्यायांत अशा वर्गणीचा उल्लेख नाही.

आता मोजणी. शमुवेलात इस्राएलाचे लढवय्ये ८ लाख, यहूदाचे ५ लाख. इतिहासात ११ लाख आणि ४ लाख ७० हजार. इस्राएलातली ३ लाखांची तूट भरायला १ इतिहास २७ मधल्या पाळीच्या सैन्याकडे बोट दाखवतात. १२ तुकड्या, प्रत्येकी २४ हजार, म्हणजे २ लाख ८८ हजार. १२ हजार तरी कमीच पडतात. यहूदाच्या ३० हजारांसाठी २ शमुवेल ६:१ पुढे करतात, पण तिथले ३० हजार ‘इस्राएलातले’ आहेत. माझ्या मते यापेक्षा १ इतिहास २७:२४ जास्त कामाचे: दावीदाचा सेनापती यवाब याने मोजणी पुरी केलीच नाही आणि आकडा राजाच्या बखरीत चढला नाही. २१:६ प्रमाणे लेवी आणि बन्यामीन हे वंश त्याने मोजलेच नव्हते. आकडे का हलतात ते यावरून थोडे कळते, जुळत मात्र नाहीत.

दावीदाला शिरगणतीसाठी चिथावणारा शमुवेलात परमेश्वर, इतिहासात सैतान. ही नक्कल करताना झालेली चूक नव्हे. इतिहासाचा लेखक बाबेलच्या बंदिवासानंतरचा, त्याची मांडणीच निराळी.

शिक्षेसाठी दावीदापुढे जे तीन पर्याय ठेवले, त्यांतल्या दुष्काळाचे त्या मानाने सोपे. शमुवेलाच्या हिब्रू पाठात ७ वर्षे, इतिहासात ३. शमुवेलाच्या जुन्या ग्रीक भाषांतरातही ३ च. काही आधुनिक भाषांतरे ग्रीक पाठ उचलून शमुवेलातही ३ छापतात आणि फरक तळटीपेत ढकलतात. तुमच्या प्रतीत दोन्हीकडे ३ दिसत असतील, तर आधी ती तळटीप शोधा.