सेल्फ मारला की केबल तापते

अ‍ॅक्सिलेटरच्या केबलचा बोटाला चटका बसला, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. त्याआधी दोन महिने, एक नवी बॅटरी, दोन केबल आणि खोलून पुन्हा बसवलेला एक सेल्फ एवढं सगळं खर्ची पडलं होतं.

आधी गाडीची ओळख करून देतो. मी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहतो आणि माझ्याकडे लोटस सेव्हनच्या धर्तीची एक जुनी किट कार, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडलेली गाडी आहे. सेव्हन ही लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनची १९५७ सालची गाडी. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर पर्चेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांच्या पेटीवर लागत नसे; मात्र सोबत जोडणीची पुस्तिका द्यायला मनाई होती. किट कारवाल्यांत सांगतात ते असं, की लोटसने मग गाडी सुटी कशी करायची याची पुस्तिका दिली आणि गिऱ्हाइकाने ती उलटी वाचली. १९७३ मध्ये व्हॅट आला, ती सवलत गेली. सेव्हनचे हक्कही त्याच वर्षी केटरहॅम या कंपनीकडे गेले. पण गॅरेजमध्ये गाडी जोडायची इथल्या लोकांची खोड काही गेली नाही.

माझी गाडी अशाच कुणीतरी नव्वदच्या दशकात घरी जोडलेली. लोखंडी नळ्यांची चासी, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे, मडगार्ड आणि नाक फायबरचं. पुढे फोर्डचं १६०० सीसीचं क्रॉसफ्लो इंजिन, त्याला वेबरचे दोन कार्ब्युरेटर. वजन साधारण ५४० किलो, म्हणजे आपल्या मारुती ८००पेक्षाही शंभरेक किलो कमी. दार नाही, एसी नाही, टप नावालाच.

अशा गाडीचं एक बरं असतं, काहीच लपलेलं नसतं. बॉनेट उचलून बाजूला ठेवलं की सगळं हाताशी. वाईट हे, की ती सतत थरथरते आणि नट सैल पडत राहतात. दर पाचशे मैलांनी मी पाने घेऊन सस्पेन्शनपासून सायलेन्सरपर्यंत फिरतो. आवळलेल्या प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ मारलेली आहे. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय. पेट्रोलचे रबरी पाइप २०२१ मध्येच बदलले, कारण त्या सप्टेंबरपासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागलं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही.

तर हिवाळ्यात गाडी रस्त्यावरून काढली, तसं सरकारला रीतसर कळवलं, आणि इंजिनाजवळच्या चासीवर गंज दिसत होता तो घासून काढला. प्रायमर, वर काळ्या रंगाचे दोन हात. इतकं सुबक काम झालं की फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. मार्चमध्ये पहिला कोरडा रविवार मिळाला, गाडी बाहेर काढली. चालू झाली, पण सेल्फ जरा जड वाटला.

एप्रिलमध्ये तो आणखी जड झाला. बॅटरी म्हातारी झाली असं समजून नवी घेतली. आठ दिवस बरे गेले. मग सेल्फ काढला, ब्रश बदलले, बुश बदलली. फरक नाही. त्यातच दुसरं दुखणं सुरू झालं: अ‍ॅक्सिलेटर अडकायला लागला. एका राउंडअबाउटवर पाय उचलला तरी इंजिन ओरडतच राहिलं. क्लच दाबला, चावी फिरवून इंजिन बंद केलं, गाडी कडेला घेतली. त्या दिवशी खरोखर घाबरलो. केबल बदलली. तीन आठवड्यांत नवी केबलही चिकट झाली.

ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत असं मी धरून चाललो होतो. कुणीही धरलं असतं.

माझ्या काकांचं कोल्हापुरात उद्यमनगरात वायरमनचं दुकान होतं. ट्रकचे सेल्फ आणि डायनामो भरण्यात त्यांचं आयुष्य गेलं. रविवारी फोन केला.

“बॅटरी नवी घेतलीस? अर्थिंग बघितलंस का आधी?”

“बघितलं काका. पट्टी घट्ट आहे.”

“घट्ट आहे रे लेका, पण कशावर घट्ट आहे?”

मी गप्प. हिवाळ्यातले ते फोटो त्यांनीही पाहिले होते.

इंजिन चासीवर रबरी माउंटिंगवर बसतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर चासीला, आणि चासीपासून इंजिनाला तांब्याची विणलेली एक पट्टी. सेल्फला शंभराहून जास्त अँपिअर करंट लागतो आणि तो सगळा या पट्टीतून परत जायचा. ती पट्टी मी माझ्याच चकचकीत रंगावर आवळली होती. बोल्टच्या आट्यांचा जेवढा स्पर्श होता, तेवढ्यावर मार्च निघाला. पुढे तिथेही गंज धरला. मग करंटने दुसरी वाट शोधली: अ‍ॅक्सिलेटरचं पेडल चासीवर, केबलचं दुसरं टोक इंजिनावरच्या कार्ब्युरेटरला. थोडा क्लचच्या केबलमधूनही गेला असणार, पण ती जाड. अ‍ॅक्सिलेटरची बारीक तार तापायची आणि आतलं प्लॅस्टिकचं अस्तर मऊ होऊन तिला धरून ठेवायचं.

खात्री करायला पाच मिनिटं लागली. इंजिन चालू होऊ नये म्हणून कॉइलची वायर काढली, बायकोला सीटवर बसवलं, मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनाच्या ब्लॉकला लावलं. “मारू का?” “मार.” काटेकोर बघायचं तर इथे पाव व्होल्टच्या आत काहीतरी दिसायला हवं. दिसले २.३. मग निगेटिव्ह ते चासी मोजलं: ०.१. म्हणजे सगळा व्होल्टेज चासी आणि इंजिनाच्या मध्ये वाया जात होता. याच वेळी दुसऱ्या हाताने केबल चाचपली आणि चटका बसला. शेजारी पेट्रोलने भरलेले दोन कार्ब्युरेटर होते, हे नंतर आठवलं आणि घाम फुटला. तुम्ही हे करणार असाल तर केबलला हात लावू नका, मीटर पुरेसा आहे.

बॅटरी सोडवली, पट्टी काढली, बोल्टभोवतीचा रंग काचकागदाने उघड्या लोखंडापर्यंत घासला. दातेरी वायसर टाकून आवळलं आणि मग वरून ग्रीस चोपडलं. क्रम हाच, आधी धातूला धातू, रंग किंवा ग्रीस नंतर. पुन्हा मोजलं: ०.१५. सेल्फ असा फिरला की बायको दचकली. तिसरी केबल टाकली, तीच अजून चालू आहे.

मग त्याच उत्साहात मागच्या मडगार्डकडे वळलो. ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मंद उजळायचा. फायबरमधून करंट जात नाही, त्यामुळे तिथल्या प्रत्येक दिव्याला अर्थिंगची स्वतंत्र वायर लागते आणि तिच्या टोकावर हिरवा बुरा चढला होता. दहा मिनिटांचं काम.

संध्याकाळी काकांना फोन करून सेल्फचा आवाज ऐकवला. “आता जुनी बॅटरी चार्ज करून ठेव, ती चांगलीच असणार,” म्हणाले. मी हो म्हटलं. ती एप्रिलमध्येच कौन्सिलच्या भंगार केंद्रावर देऊन आलोय, हे अजून सांगितलेलं नाही.