आमची वाटचाल : अक्षरजुळणी आणि ईमॅक्स

नाशिकमध्ये रविवार कारंजाजवळ आमचा अक्षरजुळणीचा व्यवसाय आहे. पतसंस्थांचे वार्षिक अहवाल हे आमचे मुख्य काम. सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागत असल्याने ऑगस्टमध्ये कामाची झुंबड उडते.

ठिकठिकाणांहून आलेला मजकूर एकत्र करताना एक अडचण आम्हाला वर्षानुवर्षे छळत होती. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र कोणी खाली टिंब असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडून लिहितो, तर कोणी साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह देतो. छापील पानावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असल्यामुळे शोध घेताना त्यांतले कितीतरी निसटून जात. मराठीची ही गरज बाहेरचा कोणी ओळखेल, याची वाट पाहणे आम्हाला पटेना.

म्हणून आम्ही ग्नू ईमॅक्सकडे वळलो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या मजकूर-संपादक प्रोग्रामचा मोठा भाग लिस्प या प्रोग्रामिंग भाषेतच लिहिलेला आहे आणि तो चालू असतानाच त्याचे वागणे बदलता येते. लिस्पची आज्ञा कंसात लिहितात; त्या कंसाच्या शेवटी कर्सर ठेवून कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ई दाबले की लिहिलेली ओळ तत्क्षणी अमलात येते. प्रोग्रामिंगचे शिक्षण नसलेल्या माझ्यासारख्याला याच सोयीने धीर दिला.

अर्ध्या र चे एक रूप शोधून त्याजागी दुसरे घालणारे पाच-सहा ओळींचे फंक्शन (आज्ञांचा संच) लिहून आम्ही ते ‘बिफोर-सेव्ह-हुक’ला जोडले, म्हणजे फाईल जतन होण्याआधी ते आपोआप चालू लागले. मात्र त्यात, काम झाल्यावर कर्सर मूळ जागी परत आणणारे ‘सेव्ह-एक्सकर्शन’ घालायचे राहिले होते. जतन करताच कर्सर फाईलच्या आरंभी जाऊ लागला, आणि टंकलेखन करणाऱ्या ताईंनी ताळेबंदाची एक ओळ नकळत अहवालाच्या शीर्षकावर टाईप केली. सुदैवाने मुद्रितशोधनात ती सापडली. संपूर्ण काम त्या एका कंसात गुंडाळल्यावर कर्सर जागचा हलेनासा झाला.

विसर्गाच्या जागी पडलेले अपूर्णविराम बदलणारे दुसरे फंक्शन मात्र आम्ही आपोआप चालू दिलेले नाही. ते प्रत्येक ठिकाणी थांबून विचारते, कारण ‘अंत:करण’ दुरुस्त करायचे असले तरी सभेच्या सूचनेतल्या ‘स्थळ:’पुढचा अपूर्णविराम खरा असतो.